आठवून वाचायचं नाव

भात निसवलं की आमच्या घराभोवतीची हवा जड होते. कासार आंबोलीत खाचरं आता मोजकीच उरली आहेत, मधेमधे शनिवार-रविवारच्या बंगल्यांची फाटकं आणि त्यांच्या आत भुंकणारी कुत्री. तरीही आश्विन लागला, परतीच्या पावसाची सर येऊन गेली आणि लख्ख ऊन पडलं, की उरल्यासुरल्या खाचरांतून इंद्रायणी तांदळाचा वास येतो. यंदा मला तो वास नको आहे. मी खिडक्या लावून बसते. हिरा वरच्या वाडीतून येते, बारा वर्षं आमच्या घरी काम करते आहे. ती आली की आधी खिडक्या उघडते. "बाई, एवढं मोकळं वारं सुटलंय आन् तुमी घर कोंडून काय बसताय?" मी का बसते ते तिला पुरतं ठाऊक आहे. तरी रोज विचारते आणि उत्तराची वाट न बघता केरसुणी उचलते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. पौड रस्त्यावर कुणाला हे सांगितलं की आधी विचारतात, "म्हणजे ख्रिश्चन का?" नाही म्हटलं की, "मग मुसलमान?" तेही नाही म्हटल्यावर बोलणं पाऊसपाण्यावर जातं. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमची माणसं तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत. आमच्या सणांची नावंसुद्धा घरगुती आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण. बहुतेक वर्षी घट बसतात तेव्हा आमचं नवं वर्ष लागतं आणि दसऱ्याच्या सुमाराला दारफळणी येते. दारफळणी म्हणजे दाराला फळ्या लावायचा दिवस. पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी घ्यायचं नाही, बाहेर पडायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही, आणि वर्षभरात जे काही चुकलं असेल त्याची देवाकडे क्षमा मागायची. गेल्या वर्षी दसरा आणि दारफळणी एकाच दिवशी आले. यंदाही तसंच आहे. फक्त यंदा दार लावायला घरात मी एकटी आहे.

बाबा पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे हे चार खोल्यांचं घर बांधलं. पुण्याला नातेवाइकांजवळ, प्रार्थनामंदिराजवळ राहायचं सोडून इथे कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "आयुष्यभर मशीन ऐकली. आता बेडूक ऐकतो." धाकटा भाऊ बेनू इस्राएलला गेला तेव्हा त्यांनाही चला म्हणत होता. ते गेले नाहीत. आई वारली, माझं लग्न व्हायचं राहून गेलं, शाळेतली नोकरी संपली आणि मी त्यांच्याकडे येऊन राहिले. आम्ही दोघंच. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायचा, शनिवारी काम करायचं नाही, आणि रोज सकाळी बाबांनी खिडकीशी उभं राहून पुस्तकातून प्रार्थना म्हणायची. पुस्तक त्यांच्या वडिलांचं, उजव्या पानावर हिब्रू आणि डाव्या पानावर मराठी. कागद इतका जुना की पान उलटताना बाबा श्वास रोखत.

त्या पुस्तकातल्या एका नावाबद्दल मला सांगायचं आहे, आणि ते नाव मी लिहिणार नाही. ते देवाचं नाव आहे, चार अक्षरांचं. पानोपानी छापलेलं असतं आणि कुणीही ते उच्चारत नाही. नजर त्या अक्षरांवर आली की तोंडाने दुसराच शब्द म्हणायचा, 'माझा स्वामी' अशा अर्थाचा. तो दुसरा शब्दही प्रार्थनेपुरताच. एरवी बोलताना सरळ 'देव' म्हणायचं. तो शब्दही मी इथे देत नाही. उद्या या पानात कुणी गरम भजी बांधून दिली तर मला चालणार नाही. ज्या कागदावर ते नाव असेल तो फाडायचा नाही, जाळायचा नाही, टाकायचा नाही. जीर्ण झाला की माणसासारखा मातीत पुरायचा. आणि लिहिलेलं नाव पुसायचं तर मुळीच नाही.

हे मी सात वर्षांची असताना शिकले. बाबा मला अक्षरं शिकवत होते. मुलींना फारसं कुणी शिकवत नसे, पण बेनू अजून रांगत होता आणि बाबांना शिकवायची हौस होती. पुस्तकात बघून मी ती चार अक्षरं पाटीवर काढली. छान आली म्हणून दाखवायला गेले आणि दाखवता दाखवता फडक्याने पुसायला लागले, पुढचा शब्द काढायचा होता ना. बाबांनी माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत. पाटी हातातून काढून घेतली, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मला नवी पाटी आली. पुढे कधीतरी पुण्याच्या आमच्या कबरस्तानात जुन्या पुस्तकांबरोबर ती पाटी पुरली. शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं, माझी पाटी वारली. आठवडाभर मुली मला त्यावरून चिडवत होत्या.

दारफळणीच्या दुपारी, पोटात कावळे ओरडत असताना, बाबा आम्हाला गोष्ट सांगत. फार पूर्वी यरुशलेमला आमचं मोठं मंदिर होतं. वर्षातून एकदा, याच दिवशी, मुख्य याजक ते नाव मोठ्याने उच्चारायचा, आणि ते कानावर पडताच अंगणातली सगळी माणसं जमिनीवर पालथी पडायची. मग मंदिर पडलं. याजक गेले. नाव कसं म्हणायचं ते जाणणारी माणसं एकेक करून मेली. अक्षरं राहिली, उच्चार गेला. मी विचारलं होतं, "म्हणजे आपण देवाचं नाव विसरलो?" बाबा म्हणाले, "विसरलो नाही ग, जपून ठेवलं." "कुठे?" यावर त्यांनी मला आज पाणीसुद्धा प्यायचं नाही याची आठवण करून दिली आणि झोपायला पाठवलं. मी आता साठीला आले आहे आणि अजून मला तो प्रश्न बरोबर वाटतो. आईने तिची लग्नातली पैठणी अशीच जपली होती. ट्रंकेतून काढली तेव्हा ती घड्यांवर विरली होती आणि हातात पट्ट्या आल्या.

आमचे पूर्वज बोट फुटून कोकण किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो. पुस्तकं बुडाली, भाषा गेली, सणांच्या तिथ्या गेल्या. पण दोन गोष्टी त्यांच्यापाशी राहिल्या: शनिवारी काम करायचं नाही, आणि देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थनेची एक ओळ. त्या ओळीत ते नाव येतं. म्हणजे कित्येक पिढ्या, अक्षरओळख नसलेली, तेलकट हातांची ती माणसं त्या नावाच्या जागी कोणता शब्द म्हणायचा ते तोंडातून तोंडात देत राहिली. कुणी पुस्तक दाखवलं नाही, कुणी तपासलं नाही, तरी शब्द सुटला नाही. बाबांना याचा फार अभिमान होता. पाहुणा कुणीही असो, अगदी वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आलेला असो, त्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळायची.

हिराला मी एकदा नावाचं सगळं समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं तिला नवल वाटेल. ती म्हणाली, "त्यात काय? आमी न्हाई का नवऱ्याचं नाव घेत. धनी म्हनायचं, न्हाईतर पोरीचे बा. तोंडातून नाव काढलं की त्याचं आविष्य कमी हुतंय, आसं माजी सासू म्हनायची." मी म्हटलं, अगदी तसंच. इतक्या वर्षांत इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. तिने ताटातले उरलेले तांदूळ पुढे ओढले. मग म्हणाली, "धनी गेल्यावर घेतलं की मी नाव. माळावर एकटी गुरं राखत हुते, तवा लई मोट्यानं घेतलं. आता काय भ्यायचंय? कुनी ओ दिली न्हाई." आणि तांदळातला खडा तिने दाराबाहेर टाकला.

बाबांचं विसरणं आधी चष्म्यावर आलं, मग चपलांवर. त्यात आम्ही हसत होतो. मग ते आईला हाका मारायला लागले. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि मेंदू आक्रसत चालला आहे असं सांगितलं. त्यावर औषध विचारलं तर म्हणाले, जपा. गेल्या वर्षीच्या भाद्रपदापर्यंत माझं नाव गेलं होतं. कधी मला आईच्या नावाने हाक मारत, कधी नुसतं 'ओ बाई'. पोटच्या बापाने 'ओ बाई' म्हणणं कसं लागतं ते मी सांगत बसत नाही. हिराचं नाव मात्र त्यांना येत होतं, कारण ती आल्याबरोबर दारातूनच ओरडायची, "आबा, हिरा आलीया." मीही तसं करून पाहिलं. "बाबा, राहेल आलीये." ते सभ्यपणे म्हणाले, "या, बसा."

पण पुस्तक उघडलं की त्यांना वाचता येत होतं. याचं मला नवल वाटायचं. सकाळी कोणता वार आहे ते न सांगता येणारा माणूस उजव्या पानावरची हिब्रू उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचायचा, चालीसकट. अर्थ त्यांना कधीच फारसा येत नव्हता. डोळ्यांनी अक्षर बघायचं आणि तोंडाने आवाज काढायचा, एवढं काम हातातल्या पान्यासारखं अंगवळणी पडलेलं होतं. मग ते नाव यायचं आणि बाबा थांबायचे. बोट अक्षरांवर, तोंड उघडं, आवाज नाही.

मला आधी कळेना. इतर सगळं येतं, मग हेच का अडतं? मग एका सकाळी त्यांच्याशेजारी बसून ओळीवर नजर ठेवली आणि मला कळलं. त्या पुस्तकातला प्रत्येक शब्द बघून वाचता येतो. हे एकच नाव असं आहे की ते बघून वाचायचं नाही, आठवून वाचायचं. दिसतं एक, म्हणायचं दुसरं, आणि ते दुसरं कुठेही लिहिलेलं नाही. ते माणसाच्या डोक्यात असावं लागतं. बाबांच्या डोक्यात आता ते नव्हतं. दिसतं तसं वाचून टाकायला त्यांचं तोंड तयार नव्हतं. काय म्हणायचं ते गेलं होतं, काय म्हणायचं नाही तेवढं राहिलं होतं. ओळींमागून ओळी त्या माणसाला साथ देत होत्या आणि ऐन देवापाशी आलं की तो मुका होत होता.

नव्याच्या सणाला आम्ही सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून खाल्ल्या. गावात घट बसले होते, देवळावरचा कर्णा पहाटेपासून चालू होता. बाबा पुस्तक घेऊन उभे राहिले आणि पहिल्याच ओळीत अडले. पुन्हा सुरुवातीपासून निघाले, पुन्हा तिथेच अडले. असं पाच-सात वेळा झालं. मग पुस्तक मिटून खुर्चीत बसले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी पूर्वीच्या आवाजात बोलले. "दारफळणी कधी आहे?" "आजपासून दहाव्या दिवशी." "मला ती शेवटची प्रार्थना पुरी म्हणायची आहे. सूर्य बुडताना म्हणतात ती. वरची दारं मिटायच्या आत क्षमा मागायची असते. पण मी मागू कुणापाशी? नावच येत नाही." मी विचारलं, "बाबा, कशाची क्षमा?" ते म्हणाले, "ते काही आता ध्यानात नाही. पण मागायची आहे."

दहा दिवस. मी शिक्षिका होते, पाढे विसरणारी पोरं मी बत्तीस वर्षं पाहिली होती. आधी मी शेजारी बसून तो शब्द हळूच सांगायला लागले. दोन-तीन वेळा त्यांनी माझ्यामागून म्हटला. मग ओळीचा धागा सुटला आणि ते चिडले, "मधे मधे बोलू नका हो." मलाही ते बरं वाटत नव्हतं. देवाला उद्देशून म्हणायचा शब्द मी फळ्यावरच्या उत्तरासारखा पुरवत होते. डाव्या पानावरचं मराठी वाचा म्हटलं, तिथे सरळ 'परमेश्वर' छापलं आहे. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. "मग तुम्हीच वाचा. हे तुमचं पान आहे." बेनूला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आता ॲप आहे, त्यात सगळी प्रार्थना म्हणलेली आहे. लावून दे, ते ऐकतील." मी म्हटलं, "त्यांना ऐकायची नाहीये रे, म्हणायची आहे." तिकडे कुणीतरी त्याला जेवायला बोलावलं आणि त्याने फोन ठेवला.

खिरीचा सण आला. नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर बाबांनी दोनदा मागून घेतली. त्या दुपारी ते झोपले असताना मला ते सुचलं. कपाटात शाळेची उरलेली लेबलं होती, मुलांच्या वह्यांवर चिकटवायची असतात ती, मागे डिंक असलेली. कात्रीने मी त्यांचे बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर तो म्हणायचा शब्द बॉलपेनने मराठी अक्षरांत लिहिला, आणि शेवटच्या प्रार्थनेच्या पानांवर जिथे जिथे ते नाव येतं तिथे तिथे एकेक चिकटवत गेले. म्हणजे बाबांना आठवायला नको. बघितलं की म्हणता येईल. हिरा भांडी घासून हात पुसत आली. "देवाच्या नावावर चिकटपट्टी लावताय व्हय?" "त्यांना वाचता यावं म्हणून ग." तिने वाकून पाहिलं. "मग लावा. देव काय लेकराला न्हाई म्हनतोय व्हय."

आणि ते जमलं. दुसऱ्या दिवशी बाबा शेवटच्या प्रार्थनेची पानं वाचायला लागले आणि लेबलापाशी न थांबता तो शब्द म्हणून पुढे गेले. उजवीकडून डावीकडे येणारं हिब्रू, मधेच डावीकडून उजवीकडे माझं बाळबोध मराठी, पुन्हा हिब्रू. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. चार दिवस त्यांनी ती पानं रोज म्हटली. तोंडावर तजेला आला. हिराला म्हणाले, "जमतंय मला." मी त्या चार दिवसांत स्वतःवर इतकी खूश होते की आता ते आठवायलाही नको वाटतं. हवा ओली होती. लेबलांचा डिंक पानांत मुरत होता. तो विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

दारफळणीचा उपास आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत लागतो. ती खंडेनवमी होती. पिरंगुटच्या कारखान्यांत यंत्रांना हार घातलेले, रस्त्याने झेंडूचे टेम्पो चाललेले. मी बाबांना अंघोळ घातली, पांढरा सदरा-लेंगा घातला, जेवायला वाढलं. डॉक्टरांनी उपास नको म्हणून सांगितलं होतं आणि जीव सांभाळायला खाल्लं तर आमच्या धर्मात ते चालतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गोळ्यांबरोबर केळं द्यायचं मी ठरवूनच ठेवलं होतं. दिवा लावायला अजून अवकाश होता. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट पुस्तकावर पडली. बाबांनी पान उघडलं आणि डोळे बारीक केले.

"हे काय आहे?"

"लेबलं आहेत बाबा."

"नाव झाकलं कुणी?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं. "राहेल," ते म्हणाले, "तुला कळत नाही? तुला मी हेच शिकवलं?"

कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली होती. माझे बाबा परत आले होते. रागावलेले, काय बरोबर आणि काय चूक ते पक्कं माहीत असलेले, माझे बाबा. त्यांनी अंगठ्याचं जाड नख पहिल्या लेबलाच्या कडेखाली घातलं आणि ते उचकटलं. मग दुसरं. फिटरचं नख ते, गंजका स्क्रू सोडवणारं. मला त्यांचे हात धरता आले असते. ऐंशी वर्षांच्या माणसाचे हात धरायला कितीसा जोर लागतो? मी धरले नाहीत. ते रागावले आहेत याचाच मला आनंद झाला होता, आणि तो आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी समोर उभी राहून बघत राहिले. ते एकेक पान उलटत गेले आणि एकेक लेबल काढून माझ्या तळहातावर ठेवत गेले. सगळी निघाल्यावर त्यांनी पानावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता कसं स्वच्छ." मग माझ्याकडे बघून हसले. "बसा ना बाई. उभ्या का?"

मी हातातली लेबलं उलटी केली. प्रत्येकाच्या मागे, डिंकाला चिकटून, जुन्या कागदाचा पापुद्रा आणि त्यावर ती चार अक्षरं आली होती. पुस्तकात त्या जागी खरवडल्यासारखे पांढरे ठिपके उरले होते. जी गोष्ट आमच्यात कुणी करत नाही, पाटीवरसुद्धा करत नाही, ती त्यांनी सबंध प्रार्थनाभर केली होती, माझ्या डिंकाने आणि स्वतःच्या हाताने. त्यांना दिसलं नाही. मी सांगितलं नाही. लेबलं मी एका स्टीलच्या डबीत ठेवली आणि सूर्य बुडायच्या आत दिवा लावला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

पुढे बेनूने तिकडच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना विचारलं. ते म्हणाले, पुस्तक आणि डबी, दोन्ही पुरा. थंडीत बाबा गेले तेव्हा पुण्याच्या कबरस्तानात दोन्ही त्यांच्या उशाशी ठेवली. कबरीपाशी म्हणायच्या प्रार्थनेला आमच्यातलेच दहा पुरुष लागतात. सहा जमले. सातवा हिराचा जावई होता, पण तो धरता येत नाही. बेनूचं विमान दुसऱ्या दिवशी आलं. आता माझ्याकडे पुस्तक नाही. तो शब्द मला येतो, पण मी तो कुणाला देऊ? बेनूची मुलं त्यांच्या शाळेत शिकतात आणि माझ्याशी फोनवर बोलायला त्यांच्याकडे कोणतीच भाषा नाही.

पण हे सगळं नंतरचं. लेबलं निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गेल्या वर्षीच्या त्या दारफळणीला, सकाळपासून मी दार लावून घेतलं. बाहेर दसरा. गाड्या धुतल्या जात होत्या, हार घातले जात होते, पोरं आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरत होती. आमच्या दाराशी कुणी आलं की ओट्यावर बसलेली हिरा त्यांना अडवायची. "आज त्यांचं दार बंद असतंय. सोनं हितंच ठिवा, आन् आवाज करू नगा, आबा देवाशी बोलत्यात." ती स्वतःहून येऊन बसली होती, मी सांगितलं नव्हतं. आत बाबा डुलक्या घेत होते. केळं खाताना त्यांनी विचारलं, "आज उपास ना?" मी म्हटलं, "हो, आज उपास." ते केळं चावत म्हणाले, "कडक पाळायचा."

ऊन उतरलं. डोंगराची सावली खाचरांवर पसरत आमच्या कुंपणापर्यंत आली. बाबांनी स्वतःच पुस्तक मागितलं. मला वाटलं, देऊच नये. सांगावं की सापडत नाही, सांगावं की प्रार्थना म्हणून झाली, विसरलात तुम्ही. त्यांनी तेही मानलं असतं. पण खाण्यापिण्यापलीकडे वर्षभरात त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. मी पान उघडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि पडू नयेत म्हणून पाठीला हात लावून मागे उभी राहिले.

त्यांनी सुरुवात केली. आवाज कापत होता, पण चाल बरोबर होती. पहिल्या ओळीत जिथे नाव यायचं ती पांढरी जागा आली आणि मी डोळे मिटून घेतले. आता थांबतील. आता बोट तिथे अडेल. आता त्यांना कळेल.

ते थांबले नाहीत. पांढऱ्या जागेवरून पुढच्या शब्दावर गेले, जशी दोन शब्दांत नेहमीचीच थोडी जास्त जागा असावी. पुढची ओळ. तिथेही तसेच गेले. पान उलटलं. महिनोन्महिने ज्याने त्यांना मुकं केलं होतं ते आता वाटेत नव्हतं, आणि त्यांचा आवाज मोकळा होत गेला. माझ्या तळव्याखाली त्यांची पाठ श्वासागणिक वर येत होती. स्तुती होती, विनवणी होती, 'आम्ही चुकलो' होतं, 'दार उघड' होतं, 'दिवस सरत आला' होतं. कुणाला म्हणायचं तेवढं सोडून सगळं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत.

पुस्तक मिटून त्यांनी ते कपाळाला लावलं. माझ्याकडे वळले तेव्हा दोन्ही गाल ओले होते. त्यांचा इतका सुखावलेला चेहरा मी आई असतानासुद्धा पाहिला नव्हता.

"पुरी झाली ना?"

"झाली बाबा."

"कुठं काही राहिलं नाही ना?"

"नाही. काही नाही राहिलं."

"मग आमेन म्हणा," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्या प्रार्थनेत देव कुठेही आला नव्हता. मी आमेन म्हटलं.